एक कादंबरी, दीड-दोन महिने: मोठ्या मुलांच्या होमस्कूलिंगमधली साहित्यावर आधारलेली युनिट स्टडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

युनिट स्टडी म्हणजे नेमकं काय करायचं?

एक पुस्तक मध्ये ठेवायचं आणि ते वाचताना जे प्रश्न उभे राहतील त्यांच्या मागे इतिहासात, भूगोलात, विज्ञानात, भाषेत शिरायचं. सहा-आठ आठवडे तेच पुस्तक, तोच मुलूख, तोच काळ. तास संपला म्हणून भूगोलाची वही मिटून इतिहासाची उघडायची, असं इथे होत नाही. अमेरिकेतल्या होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत ही पद्धत चांगली रुळलेली आहे आणि तिथे त्याचे तयार संचही विकत मिळतात. मराठी पुस्तकांसाठी हा सगळा जमाखर्च आपल्याला घरीच मांडावा लागतो. त्याचाच पालकांना धाक वाटतो, आणि खरं सांगायचं तर मजाही त्यातच आहे.

हा लहान मुलांचा प्रकार नाही का? माझी मुलगी चौदाची आहे.

लहानांच्या युनिटमध्ये चित्रं चिकटवणं, गोष्टीतला पदार्थ करून खाणं, वेश करणं असं पुष्कळ असतं. तेच चौदा वर्षांच्या मुलीपुढे ठेवलंत तर ती तोंड वाकडं करणार, आणि तिचं बरोबरच आहे. पण या वयाला लेखकाशी भांडता येतं, दोन पुस्तकांतली विसंगती पकडता येते, नकाशा वाचता येतो, आकडेमोड करून एखादं विधान तपासता येतं. या पद्धतीचा खरा कस बारा-तेराच्या पुढेच लागतो, असं माझं मत आहे.

मोठ्यांच्या बाबतीत एक पथ्य मात्र कसोशीने पाळा. पुस्तकाची खुंटी करून तिच्यावर सगळे विषय टांगू नका. गोष्टीत आंबा आला म्हणून आंब्याचं वनस्पतिशास्त्र, आंब्याच्या निर्यातीचे आकडे, आंब्यावर निबंध, असं केलं की मुलांना पुस्तकाचाही कंटाळा येतो आणि आंब्याचाही. जे माहीत नसल्यामुळे गोष्ट नीट कळत नाही, किंवा जे कळल्यावर गोष्ट वेगळी दिसू लागते, तेवढंच घ्यायचं. बाकीचं दुसऱ्या पुस्तकासाठी राहू दे.

पुस्तक कसं निवडावं?

आधी ते तुम्हाला स्वतःला आवडलेलं असावं. दीड महिना त्याच्याबरोबर काढायचाय. दुसरं, त्यात माणसं काहीतरी काम करत असावीत: शेती, बांधकाम, दवाखाना, प्रवास. नुसत्या मनोव्यापारांच्या कादंबऱ्या वाचायला उत्तम, पण त्यांतून युनिट उभं करायला गेलात तर ओढाताण होते. तिसरं, पुस्तक फार जाड नको.

बारा-तेरा वयासाठी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' सोपं पडतं. जमिनीचा कस, पिकांची फेरपालट, अमेरिकेतली गुलामगिरी आणि तिच्यानंतरचा काळ हे सगळं त्यात गोष्टीच्या ओघातच येतं. पंधरा-सोळाला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. त्याच वयात इतिहासाची गोडी असलेल्या मुलांना गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' द्यावा. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेला, वेढ्याच्या वेळी प्रत्यक्ष झाशीत असलेला हा पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक. त्याने ते सगळं पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलं, चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये त्यात फेरफार करून छापलं आणि मूळ बाडावरून केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती 1966 मध्ये आली. दोन्ही आवृत्त्यांतला एकच प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिला, की 'इतिहासाची साधने' या पाठाची वेगळी गरज राहत नाही. काय गाळलं, काय गुळगुळीत केलं, आणि का केलं असेल, हे मुलंच विचारू लागतात.

एखादं पुस्तक उलगडून दाखवाल का?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊ. 1955 ची, जेमतेम दीडशे पानांच्या आतली कादंबरी. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे आहेत. हळूहळू वाडी त्याला आपला म्हणते, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ पडतो.

पहिला आठवडा नुसतं वाचन. दुसरं काही नाही. पूर्ण कादंबरी एकदा सलग, शक्य तर मोठ्याने, घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने. माणदेशी बोली पानावर अडखळायला लावते. कानावर पडली की दुसऱ्या दिवशी आपली होते. या आठवड्यात वही काढायचीच नाही. फक्त जिथे प्रश्न पडला तिथे पेन्सिलीने समासात खूण.

दुसऱ्या आठवड्यात त्या खुणांवरून प्रश्नांची यादी करायची. आमच्या वाचनगटात बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न एकच असतो: इथे पाऊसच का नाही? मग सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा पसरायचा, सह्याद्रीची रांग बोटाने चालायची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि तिथून पूर्वेला माण-आटपाडीकडे तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या सहावीत पाठ केलेली असते, पण इथे तिला माणसं चिकटतात. लगेच हिशेबाला बसवा: एका एकरावर 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? सुमारे 20 लाख लिटर. एवढं पाणी पडतं, तर जातं कुठे? एका मुलाने या एका प्रश्नावर चार दिवस घालवले: बाष्पीभवन, मुरूम, ओढे, बांध. त्याला थांबवलं नाही.

तिसरा-चौथा आठवडा औंधचा. हे संस्थान म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली गाळलेली जागा आहे. भवानराव पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक. 1939 मध्ये त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली आणि तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली ती याच संस्थानात. त्या कल्पनेवरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' (1957) निघाला आणि त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे आपल्या लेखकाच्या थोरल्या भावाने. मुलांना हे दुवे स्वतः सापडू द्यावेत. आपण आधीच सांगून मोकळं होऊ नये. कादंबरीतल्या मास्तराला एवढ्याशा वाडीवर का नेमलं, तालमीचं एवढं अप्रूप का, आणि राजाबद्दल लोकांच्या मनात नेमकं काय आहे, हे प्रश्न औंध कळल्यावर निराळे दिसतात. जमलं तर औंधला जाऊन या. यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय पाहायला अर्धा दिवस पुरत नाही.

पाचवा आठवडा आमच्याकडे विज्ञानाचा असतो. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात. सहाव्यात लेखन.

विज्ञान खरंच होतं, की नावाला?

पुस्तकावर अवलंबून आहे. 'बनगरवाडी'तून बक्कळ होतं.

शेकूकडे एकच बैल, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याची बायको जू खांद्यावर घेते, हा प्रसंग वाचून मुलं गप्प होतात. त्यांना सावकाशीने विचारा: बैलाची ताकद आणि बाईची ताकद सारखी नाही, मग नांगर सरळ कसा चालेल? इथून बलाचा परिणाम आणि टेकूपासूनचं अंतर यांचा संबंध येतो. कमजोर बाजूचं अंतर वाढवलं तर तिच्यावरचा भार कमी होतो. एक पट्टी, दोरा आणि दोन पिशव्यांत वजनं घेऊन हे जेवणाच्या टेबलावर करता येतं. दांडीच्या मधोमध दोरा बांधला तर काय होतं, तो सरकवला तर काय होतं, आकडे मांडून घ्या. नववी-दहावीच्या पुस्तकातलं सूत्र त्यानंतर उघडा. प्रयोग करता करता बोलणं त्या बाईवर येतंच. येऊ द्या.

मेंढरं आली की लोकर आली. घोंगडीचा एक धागा आणि सुती धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून पाहा (मोठं माणूस शेजारी हवं). लोकरीला केस जळल्याचा वास येतो, कारण दोन्ही केराटिन. सुताला कागद जळल्याचा, कारण तो सेल्युलोज. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ का देतात, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो आणि वर धनगराला धान्य का देतो, हे प्रश्नही चांगले. शेवटच्या प्रश्नातून नायट्रोजनचं चक्र येतं आणि गावगाड्याचं अर्थशास्त्रही.

दहावीच्या मुलांना मी आजच्या माणदेशाकडे आणते. कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडीकडे जातं. एक घनमीटर पाणी 100 मीटर वर चढवायला किती ऊर्जा? 1000 किलो गुणिले 9.8 गुणिले 100, म्हणजे 9 लाख 80 हजार ज्यूल. विजेच्या भाषेत पाव युनिटाहून किंचित जास्त, तेही पंपातली आणि पाइपमधली घट न धरता. आता घरच्या बिलावरचा दर लावा आणि एका एकर उसाला लागणाऱ्या पाण्याचा खर्च काढा. माझ्या पाहण्यातली मुलं हा हिशेब झाल्यावर वर्तमानपत्रातल्या पाण्याच्या बातम्या वाचू लागतात.

आणि गणित?

गणित वेगळं. दररोज, स्वतःच्या पुस्तकातून, स्वतःच्या क्रमाने. कादंबरीतून बीजगणित निघतं असं कोणी सांगत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा. वरच्यासारखी आकडेमोड म्हणजे गणिताचा वापर. गणित शिकणं त्याहून निराळं, आणि त्याला सराव लागतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात.

इंग्रजी व्याकरण आणि तिसरी भाषा यांचंही तसंच.

दिवस कसा जातो? किती तास?

सकाळी गणित आणि इंग्रजी. त्यानंतर दोन-अडीच तास युनिट. दुपारी मुलांचं आपापलं. आठवड्यातून एक दिवस बाहेर: ग्रंथालय, संग्रहालय, कुणा जाणत्या माणसाची भेट. इतकं पुरतं. दोन युनिटांच्या मध्ये आठवडा-दोन आठवडे काहीच हाती घेऊ नका. वर्षाला चार पुस्तकं झाली तर उत्तम, तीन झाली तरी बिघडलं नाही.

लेखन काय करून घ्यावं? प्रश्नोत्तरं द्यावीत का?

प्रकरणामागून दहा प्रश्न, हे नको. ती शाळाच झाली. वाचलेला भाग पुस्तक मिटून सांगायला लावा. इंग्लंडमधल्या शार्लट मेसन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी या सांगून दाखवण्यावर भर दिला होता. आपल्याकडे कीर्तन ऐकून आलेली आजी घरी येऊन तेच करायची. मोठ्या मुलांनी आठवड्यातून एकदा ते लिहून काढावं, एक-दोन पानं.

युनिटच्या शेवटी एकच मोठं लेखन. विषय मुलाने निवडायचा, पण त्यात बाजू घ्यावी लागेल असा. 'बनगरवाडीतील निसर्गवर्णन' हा विषय परीक्षेचा. 'मास्तर वाडीसाठी जे करतो ते शिक्षण म्हणायचं का?' हा विषय चौदा वर्षांच्या डोक्याला खाद्य देतो. पहिला खर्डा, त्यावर तोंडी चर्चा, मग दुसरा खर्डा. लाल पेन वापरू नका. शुद्धलेखनाच्या चुका दुसऱ्या खर्ड्यात एकत्र बसून काढा. याशिवाय आणखी एक काम मला फार आवडतं: कादंबरीतला एक संवाद प्रमाण मराठीत लिहायचा आणि मग दोन्ही मोठ्याने वाचायचे. काय हरवलं ते सांगावं लागत नाही.

जात, उपासमार, अन्याय असे विषय येतात. टाळावेत का?

टाळायचे असतील तर मराठी साहित्य मिटून ठेवावं लागेल. 'बनगरवाडी'त रामोशी येतात. चोरी, राखणदारी आणि त्यांच्याकडे बघण्याची गावाची नजर हे सगळं त्यात आहे. त्या पात्रांबद्दल मूल एखादं सरसकट विधान करून बसलं, तर रागावण्याऐवजी कागद पुढे करा. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा काय होता, तो स्वतंत्र भारतात 1952 मध्ये रद्द झाला म्हणजे काय झालं, विमुक्त जाती कोणाला म्हणतात, महाराष्ट्राच्या त्या यादीत रामोशी आहेत ते का. आणि उमाजी नाईक कोण होते. इतकं कळल्यावर मूल त्या पानांकडे पुन्हा जातं आणि लेखकाचीही उलटतपासणी घेतं. घेऊ दे.

पंधराच्या पुढे याच्या जोडीला दया पवारांचं 'बलुतं' (1978) द्यावं. गावगाडा खालून कसा दिसतो हे त्याशिवाय कळत नाही. आधी स्वतः पुन्हा वाचा, कारण त्यावर बोलावं लागेल आणि मुलांचे प्रश्न थेट असतात.

मुलगा इंग्रजी माध्यमातून काढलाय. मराठी पान बघून पळतो.

पहिलं पुस्तक ऐकवा. तुम्ही वाचा, त्याने ऐकावं; जमिनीवर लोळत ऐकलं तरी चालेल. लेखन सुरुवातीला इंग्रजीत करू द्या. 'बनगरवाडी'चा राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. तो मिळाला तर एक प्रकरण मराठीत, तेच इंग्रजीत, असं करता येतं. सिंगापूर, न्यू जर्सीकडच्या मराठी घरांतही हीच वाट सोयीची पडेल. फक्त आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर वाचायला बसवा, त्यांच्या तोंडची मराठी तुमच्यापेक्षा चांगली असेल.

सिनेमा आधी दाखवावा का?

नंतर. अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' 1995 चा आहे. पुस्तक डोक्यात पक्कं झाल्यावर तो पाहिला की काय घेतलं, काय सोडलं यावर एक संध्याकाळ सहज जाते. आधी पाहिला की कारभाऱ्याचा चेहरा कायमचा ठरून जातो.

दोन मुलं आहेत, अकरा आणि पंधरा. एकच पुस्तक चालेल?

वाचन एकत्र, काम वेगळं. धाकट्याला नकाशा आणि लोकरीचा प्रयोग, थोरलीला औंधची राज्यघटना आणि निबंध. चर्चेला दोघेही. कधी कधी अकरा वर्षांचाच असा काही प्रश्न टाकतो की थोरली गार.

आम्ही दोघेही इंजिनिअर. साहित्यातलं आम्हाला काय कळतं?

जू आणि पंपाचा हिशेब तुम्हीच माझ्यापेक्षा बरा शिकवाल. बाकीच्यासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, जिल्ह्यांची गॅझेटिअर आहेत, आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथले ग्रंथपाल विचारणारं मूल आलं की खूश होतात. 'मला माहीत नाही, शोधू' हे वाक्य पालकाच्या तोंडून ऐकणं मुलांना चांगलंच मानवतं.

हे कायद्यात बसतं का?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 'होमस्कूलिंग' हा शब्दच नाही. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम 10 मध्ये पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा करणारी तरतूद त्या कायद्यात नाही. त्या मोकळ्या जागेत आपण सगळे आहोत. चौदाच्या पुढे तो कायदाच लागू होत नाही.

मग दहावी-बारावी?

बहुतेक घरं एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून दहावी करतात. वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, त्यांत किमान एक भाषा. मराठी घेता येते. वर्षातून दोनदा परीक्षा असते आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे एकेक-दोनदोन विषय सुटे देता येतात. ही सोय युनिटवाल्यांना वरदान आहे. राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याच्या अटी आणि तारखा त्या त्या वर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर वाचा, कोणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका.

परीक्षेच्या आधीचे पाच-सहा महिने युनिट बंद. सरळ अभ्यासक्रम, सरळ जुन्या प्रश्नपत्रिका. परीक्षेचं तंत्र हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. ज्यांनी दोन-तीन वर्षं अशी पुस्तकं वाचून लिहून काढली आहेत, त्यांना सामाजिक शास्त्रं आणि भाषा जड जात नाहीत. विज्ञानात मात्र पुस्तकांत न आलेले धडे राहिलेले असतात. त्यासाठी सुरुवातीपासून एक वही ठेवा: अभ्यासक्रमातल्या धड्यांची यादी, आणि कुठल्या युनिटमध्ये कोणता झाला त्याची खूण. रासायनिक समीकरणं, प्रकाशाचं अपवर्तन, विद्युतधारा हे धडे बहुधा कोरेच राहतात. ते सरळ पाठ्यपुस्तकातून करा.

पुस्तक अर्ध्यावर मुलाला आवडेनासं झालं तर?

पन्नास-साठ पानांपर्यंत धरून ठेवा. तरीही नकोच म्हणाला तर सोडा आणि दुसरं घ्या. फक्त का सोडलं ते एक पानभर लिहून मागा. तेही लेखनच आहे, आणि बऱ्याचदा मन लावून लिहिलेलं असतं.

खर्च किती येतो?

मराठी पुस्तकं अजून स्वस्त आहेत, आणि वाचनालयात तर नाममात्र. 'बनगरवाडी'ची मात्र प्रत्येक मुलाला स्वतःची प्रत घ्या, समासात लिहिता आलं पाहिजे. खर्च होतो तो एसटीच्या तिकिटांवर आणि घोंगडीवर. घोंगडी घेताना यंत्रावरची आणि हातमागावरची यांतला फरक विणकराकडूनच समजून घ्या.